टाकी, टॉवर आणि आईचा फोन

दुपारी शाळा सुटायच्या आधी मी गाडी रस्त्याच्या कडेला लावते आणि आईला फोन करते. तिकडे तेव्हा सकाळ असते. आईचा चहा झालेला असतो, अंगण झाडून झालेलं असतं. इथे न्यूझीलंडमध्ये, सँडरिंगहॅमच्या ज्या मिठाईच्या दुकानात मी मागच्या बाजूला बुंदी पाडते आणि शेव गाळते, तिथला मालक मला त्या वेळेला सोडतो, कधी घड्याळाकडे बघत नाही. त्याचे उपकारच म्हणायचे. हाताला तळणाचा वास असतो, काचेवर पाऊस असतो, आणि मुलगी वर्गातून बाहेर येईपर्यंतची ती थोडी मिनिटं माझी आणि आईची असतात.

ते बोलणं एका फॉरवर्डनं बंद पाडलं.

गेल्या उन्हाळ्यात आईला चक्कर यायला लागली. थोरल्या काकांनी तिला मिरजेला नेलं. तिथे डॉक्टरांनी छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली पेसमेकर बसवला. ठोका मंदावला की हृदयाला जागं करणारं ते छोटं यंत्र. वडील नाहीत, भाऊ नाही. कागदावर सह्या काकांनी केल्या, दवाखान्यात बाकावर काका झोपले. मी इथून नुसती विचारत होते, "काका, शुद्धीवर आली का? काका, खाल्लं का काही?" आणि ते प्रत्येक वेळी म्हणत होते, "तू पोरीकडं बघ. इकडं मी हाय."

आई घरी आली, बोलायला लागली, आणि मग एका सकाळी काकांनी घरच्या ग्रुपवर ते टाकलं. लाल अक्षरं, हृदयाचं चित्र, त्यातून विजा निघतायत. पेसमेकर असलेल्यांनी मोबाइलजवळ जाऊ नये, यंत्र बंद पडू शकतं. त्याच्याखाली काकांनी स्वतःची भर घातली होती: "विशेषतः परदेशातून येणारे कॉल टाळावेत. लांबून येणाऱ्या लहरींना ताकद जास्त असते."

खाली हात जोडलेल्यांची रांग. आत्या, चुलतभाऊ, वहिन्या. त्यात माझेही हात होते. आमच्या ग्रुपवर पद्धतच अशी आहे की काकांचं काही आलं की आधी हात जोडायचे आणि वाचायचं नंतर. मी हात जोडले आणि मग वाचलं.

त्या दिवशी आईचा फोन लागलाच नाही. नंतर कळलं, आईनं तो लाडवांच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावून ठेवला होता. मग मी काकांच्या फोनवर लावला. काका अंगणात, आई आत उंबऱ्यापलीकडे. आमचं बोलणं असं व्हायचं:

"आईला विचारा, झोप लागते का?"

काका ओरडणार, "झोप लागती का म्हनती!"

आतून काहीतरी बारीक आवाज.

"लागती म्हनती."

"आणि चालताना दम?"

"दम न्हाई. तू काळजी करू नको. ठेवू? बिल उठतंय तुला."

बिल उठत नाही, हेही मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. पण खरा प्रश्न तो नव्हता. आई खरं काय ते शब्दांत कधीच सांगत नाही. ती "बरं हाय" म्हणते तेव्हा त्याच्या आधी श्वास किती लांबतो, त्यावरून मला कळतं. तो श्वास मला ऐकू येत नव्हता. ती खरंच बरी आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

काकांना चुकीचं म्हणायचं कसं? नववीत मी टायफॉइडनं महिनोन्‌महिने पडून होते. परत गेले तर माझ्याहून लहान पोरींच्या मागच्या बाकावर बसवलं. मी शाळा सोडली. घरात सगळे मला बोलले, एकटे काका बोलले नाहीत. "शाळा गेली तर गेली, हात कुठं गेलेत?" म्हणाले आणि फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका बाईंकडे मला सायकलवरून रोज सोडायला लागले. त्या हातांवर मी आज इथे आहे. आणि आईनं जन्मात थोरल्या दिरापुढे शब्द काढलेला नाही. त्यांनी नको म्हटलं की संपलं.

मी इथल्या मराठी लोकांच्या फेसबुक ग्रुपवर विचारलं. लिहून खोडलं, परत लिहिलं. शेवटी एवढंच टाकलं की पेसमेकर असलेल्या आईला परदेशातून फोन केला तर चालतो का. मला वाटलं, इतकी शिकलेली माणसं आहेत, कुणीतरी हो किंवा नाही सांगेल.

एकानं लिहिलं, "ताई, ही बेसिक फिजिक्स आहे. अंतराचा काय संबंध?"

दुसरा म्हणाला, "संबंध नाही कसा? फाइव्ह-जी आल्यापासून पक्षी मरतायत, त्याचं काय?"

"घ्या. आले पक्षीवाले."

"हसा. टॉवर तुमच्या घरावर लागू दे, मग बघू."

"साहेब, टॉवर जवळ असला तर तुमचा फोन उलट कमी ताकद लावतो. वाचत जा थोडं."

"वाचूनच आलोय, तुमच्यासारखा कोड कॉपी करून नाही आलो."

इथल्याच रोटोटुना भागातल्या कुणीतरी घरचा मायक्रोवेव्ह आणला, कुणी लस आणली, कुणी पुण्याचं कॉलेज काढलं. मला एक जण म्हणाला, "ताई, आधी फॅमिलीला एज्युकेट करा." मी ते वाचत बसले, मुलगी मागच्या सीटवर येऊन बसली तरी मला कळलं नाही. कोण बरोबर बोलतंय ते मला समजत होतं असं नाही. पण सगळे थकवत होते, बरोबर बोलणारेसुद्धा. भांडण माझ्या प्रश्नाखाली चाललं होतं आणि माझी आई त्यात कुठेच नव्हती.

त्या गर्दीतून एका बाईंचा वेगळा मेसेज आला. "किया ओरा, नमस्कार ताई. मी इथेच लोअर हट शहरात राहते, हॉस्पिटलमध्ये पेसमेकर तपासायच्या विभागात काम करते. फोन करू का?"

फोनवर आवाज पुण्याचा, जरा दमलेला. म्हणाल्या, "फोन यंत्राला अगदी चिकटवायचा नाही, एवढंच. साधारण वीतभर लांब ठेवायचा. यंत्र डावीकडे असेल तर उजव्या कानाला लावायचा. छातीपाशी, ब्लाउजमध्ये ठेवायचा नाही. तरी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या."

"आणि मी न्यूझीलंडहून करते, तर?"

"आई कुणाशी बोलतायत, ते त्यांच्या फोनला माहीतही नसतं हो. फोन बोलतो जवळच्या टॉवरशी. पुढचं तारांमधून जातं. समुद्राखालून केबल आहेत. तुम्ही शेजारच्या घरातून केलात तरी तेवढंच."

मी त्यांना डब्याचं सांगितलं. त्या हसल्या. "फोन डब्यात कोंडला की त्याला टॉवर सापडत नाही, मग तो आणखी जोर लावून शोधतो. बाहेर राहू दे त्याला." मग म्हणाल्या, "मी दिवसभर पेशंटना हे सांगते, आणि घरी सासूबाई मायक्रोवेव्ह चालू झाला की बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहतात. थंडीत. मी आता शाल देते."

मला इतकं बरं वाटलं की मी चूक केली. मुलगी म्हणालीच होती, "मम, जस्ट सेंड देम अ लिंक." मी पेसमेकरवरच्या माहितीची लिंक पाठवली. घरच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर, काकांच्या त्या मेसेजला धरून. वर लिहिलं, "काका, ही माहिती चुकीची आहे." पुण्याच्या चुलतभावानं लगेच हसणारं तोंड टाकलं आणि लिहिलं, "शेवटी कुणीतरी बोललं!"

थोड्या वेळानं ग्रुपवर ती करडी ओळ उमटली. काकांनी ग्रुप सोडला होता.

आत्याचा फोन आला. "परदेशात गेलीस म्हणून चारचौघांत माणसाला चुकीचं म्हणायचं? आन् कुणाला? सायकलवरून कोण सोडत होतं तुला?" तिचं खोटं नव्हतं. आता काका माझे फोन उचलेनात, म्हणजे आईचा तो उंबऱ्यापलीकडचा बारीक आवाजही गेला. माझ्या खऱ्या माहितीनं मी आहे ते दारही लावून घेतलं.

दुकानात माझी बुंदी बिघडली, कढईत पडताच चपटी झाली. मालकानं विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "हो, स्वीट ॲज." म्हणजे सगळं छान; इथे आल्यापासून मी हे म्हणायला शिकले आहे.

नवरा सिटी बस चालवतो. तो जेवताना म्हणाला, "काकांना शिकवू नको गं. त्यांना विचार. आयुष्यभर लोकांनी त्यांना विचारलंय."

ते खरं होतं. काका गावच्या पाणीपुरवठ्यावर होते. पंप, व्हॉल्व्ह, टाकी, सगळं त्यांच्या हातात. कुणाच्या नळाला पाणी नाही आलं तर लोक सरपंचाकडे न जाता आमच्या दारात यायचे. आणि मग मला ते फॉरवर्डखालचं वाक्य वेगळंच दिसायला लागलं. लांबून येणाऱ्याला ताकद जास्त लागते. लांब पाणी न्यायचं तर मोटार मोठी बसवावी लागते. काका वेडगळपणानं नव्हते बोलत. ते पंपावरचं बोलत होते.

काकांनी शेवटी फोन उचलला तो चुकून, किंवा उचलावासा वाटला म्हणून. मी गाडीत होते.

"काका, चुकलं माझं. ग्रुपवर बोलायला नको होतं."

"हं."

"एक विचारू? कृष्णेचं पाणी आपल्याकडं एवढ्या लांबून येतं. मग आपल्या नळाला दाब कुठला? नदीवरच्या पंपाचा?"

"खुळी हाईस का? पंपाचा दाब थेट नळाला दिला तर तोट्या फुटतील सगळ्यांच्या. पंप टाकीत टाकतो. नळाला दाब टाकीचा."

"म्हणजे पाणी कुठनं का येईना?"

"कुठनं का येईना. टाकी गावात हाय न्हवं? तिचा जेवढा तेवढाच."

मला पुढचं बोलायचं होतं, त्या बाईंचं सगळं वाक्य तोंडात होतं, पण मी जीभ दाबून धरली. तिकडून कोंबडीचा आवाज येत होता.

मग काकाच म्हणाले, "मोबाइलचं बी तसंच म्हनतीस व्हय तू?"

"मी नाही काका. इथं दवाखान्यात हेच काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्या म्हणाल्या की फोन जवळच्या टॉवरशीच बोलतो. आणि फोन यंत्रापासून वीतभर लांब, उजव्या कानाला. मिरजेच्या डॉक्टरांना विचारा म्हणाल्या."

"इचारतो," म्हणाले आणि ठेवून दिला.

त्यानंतर काही नाही. मी रोज गाडी लावायची, फोन हातात घ्यायची, लावायची नाही. समोर पोरं पावसात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून पळत असायची. मला वाटायचं, मी परत जास्त बोलले. टाकीचं विचारलं तेवढं बास होतं, पुढचं कशाला बोलले.

मग काकांना चुलतभावानं परत ग्रुपवर घेतलं आणि काकांचा मेसेज आला. या वेळी फॉरवर्ड नव्हता, स्वतः टाइप केलेला, स्वल्पविराम नसलेला. मिरजेच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून खात्री केली आहे. टॉवर ही टाकी समजावी. कॉल कुठूनही आला तरी दाब गावच्या टाकीचाच. पेसमेकर असलेल्यांनी फोन एक वीत लांब उजव्या कानाला धरावा. डब्यात ठेवू नये. आणि सगळ्यात शेवटी: बोलताना तोंड पूर्वेकडे असावे म्हणजे लहरी अंगावरून न जाता बाजूने जातात.

मी आधी हात जोडले. मग ते शेवटचं वाक्य परत वाचलं. चुलतभावाचा मला वेगळा मेसेज आला, "पूर्वेकडे?? आता हे कोण सांगणार त्यांना?" मी म्हटलं, कुणीच नाही. इतकं बोलण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. मी लावायच्या आधीच. आई.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय. आई, कशी आहेस?"

मी कान लावून ऐकलं. श्वास लांबला नाही.

"बरी हाय," ती म्हणाली. "भावजींनी कट्ट्यावर खडूनं रेघ मारून दिलीय, पूर्व कुठं ते. तिकडं तोंड करून बसलीय. तू तिकडंच हाईस न्हवं?"

मी पूर्वेच्या जरा खाली, दक्षिणेकडे आहे. लहरींना दिशेचं काही नसतं. तोपर्यंत मुलीनं दार उघडलं होतं, ओली बॅग सीटवर टाकली होती, आणि ग्रुपवर काकांचं नवीन काहीतरी येऊन पडलं होतं, फ्रीजमध्ये ठेवलेल्या कणकेबद्दल.

"हो आई," मी म्हटलं. "तिकडंच. बोल तू."