मॉरीनची बॉक्स्टी का तुटत होती?

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज दुपारी दुबईत, ऊद मेथा भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात आयरिश धिरडी झाली. शेजारची नर्स मॉरीन मला बॉक्स्टी शिकवायला आली होती. किसलेला कच्चा बटाटा, उकडलेला बटाटा, मैदा आणि ताक एकत्र कालवून तव्यावर पसरायचं. पण पहिल्या दोन्ही बॉक्स्टी उलटताना तुटल्या.

"दुबईत आल्यापासून अशाच होतात. आईच्या कधी तुटत नाहीत," ती म्हणाली.

"कीस पिळून घेत नाहीस?" मी विचारलं. उपासाच्या थालीपिठाला मी पिळते.

तिला हे माहीतच नव्हतं. पिळून केलेली तिसरी मात्र अख्खी, खरपूस उतरली.

मॉरीनने फोनकार्डावरचा नंबर खरवडून आईला आयर्लंडला फोन लावला. आई म्हणाली, "पिळायचाच असतो. त्यात काय सांगायचं?"

तुमच्या आईचं असं काय सांगायचं राहिलंय?