विक्रमी नफ्याच्या साहेबांचा सत्कार

त्या वर्षी सरकारी बंदराला विक्रमी नफा झाला आणि मामांच्या गावच्या द्राक्ष बागायतदारांनी बंदराच्या हिशेब खात्यातल्या साहेबांचा सत्कार ठरवला. का, तर आपला माल त्यांच्याच बंदरातून विलायतेला जातो! ऐकून माझं डोकं फिरलं. त्याच हंगामात मामांचा कंटेनर जहाजावर चढायची वाट बघत बंदराच्या आवारात अडकून पडला होता. माल उशिरा पोहोचला, घडांचे देठ काळे पडले होते, आणि तिकडच्या व्यापाऱ्याने तो नाकारला.

मी तेव्हा नाशकात इंदिरानगरला खोली करून राहायचो आणि पत्रकं काढायचो. रागारागात एक काढलं: ‘नफा कुणाचा, नासाडी कुणाची?’ सत्काराच्या आदल्या दिवशी गठ्ठा घेऊन मामांकडे गेलो.

“भाचेबुवा, हे वाटून मला काय घावंल?” मामा म्हणाले. “औंदा द्राक्षाचे डबे, ते कंटेनर, जहाजावर आधी चढवणार का नाय, तेवढं कळू दे. त्यावर माझी छाटणी हाय.”

निर्यातीचा माल छाटणीपासूनच वेगळा करावा लागतो. औषधं वेगळी, आणि घड विरळायला, म्हणजे त्यातले जादा मणी काढायला, मजुरांची टोळी आधीच सांगून ठेवायची.

“मग उद्या सत्कार झाला की विचारा,” मी म्हणालो.

मामी आतून कडाडली, “शाल घातल्यावर तो पाहुणा झाला! पाहुण्याला कोण जाब विचारतं? काय ते आधी विचारा.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वर्षाचा हिशेब सांगितला. आवक वाढली, उत्पन्न वाढलं, खर्च आटोक्यात. टाळ्या पडल्या. शाल घालायचा मान मामांचा होता. त्यांनी शाल उलगडली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

“साहेब, औंदा द्राक्षाचे डबे आधी चढवणार का?”

“साहेबांना घाम फुटला राव, शाल राहू द्या!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

साहेब मात्र हसले नाहीत. “खोटं सांगत नाही, काका. ते माझ्या हातात नाही. खरं तर, तुमचा कंटेनर आवारात जास्त थांबला, तर त्याचं भाडंही आमच्या उत्पन्नातच येतं.”

मला वाटलं, आता मामा शाल फेकणार. त्यांनी ती नीट साहेबांच्या खांद्यावर घातली, नारळ दिला, हात जोडले.

मी पत्रकात त्या नफ्याला लूट म्हटलं होतं. लुटारू समोर असता तर भांडायला सोपं गेलं असतं. समोर होता एक सरळ माणूस आणि एक चोख हिशेब. त्या हिशेबात आमची नासाडी कुठेच नव्हती, तिचं भाडं तेवढं जमेला होतं. हे मला अजून गिळता येत नाही.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, “तरी शाल घातलीत?”

“खरं बोलला ना त्यो,” मामा म्हणाले. मग पारावर बसलेल्या मुकादमाला त्यांनी हाक मारली. “औंदा विरळणीला टोळी आणू नका. माल हितल्याच बाजारात जाईल.”