आत्याचा काळा हुलगा

मागच्या वर्षी आत्या गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही तिचं बी शिजवून खाल्लं.

गाडगं उतरवलं मीच. बीएस्सी अ‍ॅग्री झालेला मी.

माणसं जास्त आली, डाळ कमी पडली. चुलती म्हणाली, "माळ्यावर गाडग्यात हुलगा हाय बघ."
मी गाडग्याचं शेणामातीनं लिंपलेलं तोंड फोडलं, हुलग्याला लागलेली राख धुतली आणि तो चुलीवर टाकला.

राखेत ठेवलेलं धान्य म्हणजे बी. शेंबड्या पोरालाही कळतं हे.

लोक बोटं चाटत म्हणाले, "लई भारी झालंय!"

सुंदराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. धारूरच्या डोंगराखाली गायरानाचा एक तुकडा तिनं जन्मभर कसला. सगळा मुरूम. आमच्या बौद्ध वस्तीला तेवढीच जमीन, तीही नावावर नाही.
मार खाल्ला, केस झेलली, पण एकही पेरा चुकवला नाही.

म्हणायची, "आपल्याकं सातबारा न्हाई बाबा. उभं पीक हाच आपला सातबारा."

आणि त्या मुरमात उभा राहायचा तो फक्त तिच्या आजीपासून चालत आलेला काळा हुलगा.

एका प्रदर्शनात सरकारी साहेबांनी तिच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांसोबत सेल्फी घेतले. शाल दिली. पारंपरिक बियाण्यावर भाषण ठोकलं.
तिनं जमीन नावावर करायच्या फाइलचं विचारलं.
"मावशी, आज कार्यक्रम आहे ना."
शाल अजून ट्रंकेत आहे. फाइल कुठंय, कुणास ठाऊक.

मागच्या पावसाळ्यात आम्ही दुकानातलं सोयाबीन पेरलं. वीतभर येऊन करपलं.
आता गावचे पुढारी म्हणतात, "पडीकच हाय की ते. पंचनामा करून काढून घेऊ."
डोकं फिरतं. त्यांच्यावर चिडावं, तर गाडगं कुणी फोडलं?

आज तिला जाऊन वर्ष झालं. पेरणी तोंडावर आलीय.

आत्यानं बी कधी विकलं नाही. मागणाऱ्याच्या पदरात मूठ टाकायची आणि म्हणायची, "पिकलं की दोन मुठी आणून द्या."
कितीतरी जणांनी नेलं. आपल्या वस्तीतल्यांनी, पाहुण्यांनी, बागायतदारांनीसुद्धा. ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. भावपूर्ण श्रद्धांजली वाहायचीच असेल तर घरातली गाडगी बघा.
दोन मुठी नको. एकच द्या. मी न्यायला येतो.

जय भीम, आत्या.
तुझं बी मी खाल्लं. मीच परत आणतो.