मीठ न घातलेलं ताट

"आला नाही गं, अल्थीया!"

रोज सकाळी कुंपणापलीकडून इसोलीनची ही आरोळी यायची, आणि मगच माझ्या चुलीवर चहाचं आधण चढायचं. आवाज असा खुशीत, की ऐकणाऱ्याला वाटावं, दाराशी आलेलं दुखणं परत गेलं. मी इकडून ओरडायची, "बरं झालं! आता शेळ्यांना पाणी दाखव." न येणारा माणूस म्हणजे तिचा नवरा एगबर्ट. रात्री तो स्वप्नात आला नाही, एवढीच तिची खुशी.

आमच्या कॅरिआकू बेटावर मेलेलं माणूस गप्प पडून राहत नाही. भूक लागली की जवळच्या कुणाच्या तरी स्वप्नात येतं आणि सांगतं, मला जेवू घाला, माझा दगड उभा करा. मग बोकड कापायचा, गाव बोलवायचं, दगड गात गात कबरस्तानात न्यायचा, आणि मेलेल्याचं ताट पांढऱ्या कापडावर वेगळं मांडायचं, मीठ न घालता. ग्रेनाडाच्या मोठ्या बेटावरचे लोक आम्हाला यावरून हसतात. हसू देत मेले! राजधानी त्यांची, पण गलबतं बांधायला अजून आमच्याच विंडवर्डच्या किनाऱ्यावर यावं लागतं.

एगबर्ट तसल्याच एका गलबतावर होता. सेंट मार्टिनहून दारूच्या पेट्या आणायच्या, जकातवाल्यांची नजर चुकवून उतरवायच्या, हा धंदा. आमच्या निम्म्या घरांवरचे पत्रे त्याच धंद्यावर चढलेत, तेव्हा नाकं मुरडायचं कारण नाही. एका खेपेला गलबत गेलं ते गेलंच. ना फळी सापडली, ना टोपी. गाव रडलं. इसोलीन रडली नाही.

"मेला असता तर जेवण मागायला आला असता," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसरं काय केलं त्याने? असेल कुठल्या तरी तुरुंगात. सुटला की येईल."

खरं सांगायचं तर तिचं जेवणही त्याला कधी गोड लागलं नाही. पहिला घास घेतला की ताट सरकवायचा. "तुझ्या हाताला मीठच नाही, बाई." हे चार माणसांत, मोठ्याने. मग टोपी चढवायची आणि होडी घेऊन समोरच्या पिटी मार्टिनिक बेटावर निघायचं, गलबताच्या डागडुजीला म्हणे. डागडुजी कसली डोंबलाची! तिथे थेल्मा राहायची. सगळ्यांना ठाऊक होतं. इसोलीनलाही होतं, पण ती मूग गिळून बसायची आणि संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहायची.

तिच्या सासूने मात्र पोराच्या नावाची आशा सोडली. सिप्रियन गवंड्याकडून तिने दगड करून घेतला. वर एगबर्टचं नाव, खाली जन्माची तारीख. मरणाची तारीख विचारायला सिप्रियन घरी आला, तर इसोलीनने त्याला दारातच अडवलं. "ती जागा मोकळी ठेव. तुला कुणी सांगितलं तो मेला?" म्हातारी हात जोडत होती, अगं पोरी, मला त्याचा दगड उभा झालेला बघू दे. इसोलीन म्हणाली, "मामी, तुमच्या स्वप्नात आला? माझ्या आला? मग?" ती इच्छा मनात घेऊनच म्हातारी वारली. दगड पांढऱ्या चादरीत गुंडाळून इसोलीनच्या झोपायच्या खोलीत राहिला, तोंड भिंतीकडे करून.

हाच सिप्रियन पुढे तिला मागणी घालायला आला. बायको वारलेली, दारू जेमतेम, हातात कसब. मी तर मनातल्या मनात केकही भाजायला ठेवला होता. ही त्याला म्हणाली, "मला नवरा आहे." तो टोपी घेऊन गेला. त्या दिवशी मी तिला कुंपणावरून नाही नाही ते बोलले.

"अगं, कुणासाठी वाळवतेस स्वतःला? त्या ताट सरकवणाऱ्यासाठी?"

"तुझा मेला म्हणून सगळ्यांचे मेलेच पाहिजेत का, अल्थीया?"

असली जीभ! आठवडाभर आम्ही एकमेकींकडे पाठ करून कपडे वाळत घातले. मग एका सकाळी पुन्हा आरोळी आली, "आला नाही गं!" आणि काय करणार, मी उत्तर दिलं. वर्षं अशीच गेली. तिचे केस पिकले, दात गेले, शेळ्यांच्या पिढ्या गेल्या, आरोळी काही बदलली नाही.

मग जुलैतलं ते वादळ आलं. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. सकाळी बेट होतं, दुपारी नव्हतं. माझं छप्पर गेलं, इसोलीनच्या तर भिंतीही गेल्या. आम्ही दोघी पाण्याच्या टाकीखाली एकमेकींना धरून वाचलो. बाहेर आलो तेव्हा तिच्या घराच्या जोत्यावर एकच गोष्ट जागेवर होती, तो दगड. चादर उडाली होती. नाव उघडं, खालची जागा कोरी, आणि येणारा-जाणारा वाचत होता.

मदतीच्या होडीतून थेल्मा आली ती त्यानंतर. आम्ही दोघी ताडपत्रीखाली तुरी सोलत होतो. थेल्माही आता म्हातारी झाली होती, गुडघ्यातून वाकलेली. ती ताडपत्रीबाहेरच उभी राहिली.

"मिस इसोलीन, मला शिव्या द्या, पण ऐकून घ्या."

"शिव्या द्यायला ताकद लागते," इसोलीन म्हणाली. "बोल."

"तो माझ्याकडे येतो. स्वप्नात. अंगावरचे कपडे ओले, हातात तुटका दोर. म्हणतो, भूक लागलीय. मक्याच्या पिठाचा कूकू कर, म्हणतो, मटण कर, माझं ताट मांड. पण मी कशी मांडू? मी कोण? दगड तुमच्या घरात, हक्क तुमचा."

माझ्या मांडीवरचं सूप कलंडलं. इसोलीनच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"पहिल्यांदा कधी आला?"

थेल्माने मान खाली घातली. "गलबत गेलं त्याच महिन्यात."

"आणि तू आज सांगतेस?" मी उसळलेच. "हिने आपला जन्म वाळवला, आणि तू तोंड शिवून बसलीस होय गं?"

"कुठल्या तोंडाने येणार होते, मिस अल्थीया? ह्यांचा नवरा माझ्या स्वप्नात येतो म्हणून सांगायला? वादळात वाटलं, मी मेले तर तो उपाशीच राहील. म्हणून आले."

इसोलीनने मला हाताने गप्प केलं. मग अगदी हळू विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

थेल्मा खोटं बोलली असती तर मी तिला त्या क्षणी माफ केलं असतं. पण ती रडायला लागली. "नाही, मिस. फक्त जेवण मागतो."

इसोलीन उठली. मला वाटलं, आता विळा उचलते. तिने शेळ्यांकडे बघितलं. वादळातून एकच बोकड वाचला होता. "सिप्रियनला निरोप दे," ती मला म्हणाली. "तारीख कोरायचीय. कुठली, ते हिला विचारून घे."

मोठमोठ्या मेजवान्यांची पातेली मी ढवळलीत, पण तसलं जेवण पुन्हा हातून न होवो. मदतीच्या पोत्यातलं मक्याचं पीठ, मोडक्या घरांच्या लाकडांचं जळण. कबरस्तानात न्यायच्या आधी दगड मेलेल्याच्या पलंगावर निजवायचा असतो, पण पलंग कुठला? इसोलीनच्या गादीवर ठेवला, रम आणि पाणी शिंपडलं, आणि उचलला. छपरं नसलेल्या घरांतून लोक गात गात आले. गावची न्यूयॉर्कवाली, लंडनवाली पोरं फोनवरून रडत होती. कबरस्तानाचा अर्धा भाग समुद्राने खाल्लेला, उरलेल्या भागात सिप्रियनने दगड बसवला. मेला एकदाचा एगबर्ट.

मेलेल्याच्या ताटाचं जेवण इसोलीनने स्वतः वेगळं शिजवलं. माझा हात सवयीने मिठाकडे गेला, तर तिने मनगट धरलं. "नको. आधीच खाऱ्या पाण्यात पडलाय इतकी वर्षं." कूकू वाढला, मटण वाढलं, आणि भरलेलं ताट घेऊन ती पांढरं कापड घातलेल्या मेजाकडे न जाता मागे उभ्या थेल्माकडे गेली.

"तू मांड."

"मिस, मी नाही... बायको तुम्ही."

"तू मांड, म्हणजे खाईल. माझ्या हातचं त्याने कधी खाल्लंय?"

थेल्माने ताट मांडलं. इसोलीन सगळ्यांना वाढत राहिली, स्वतः जेवली नाही. पहाटे रिवाजाप्रमाणे पोरांनी मेजावर झडप घातली आणि ताट चाटूनपुसून नेलं.

आता माझ्या घरावर नवे पत्रे आलेत, इसोलीन अजून ताडपत्रीखालीच आहे. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. दिवे लागायच्या आत अंथरुणावर पडते, उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवते, म्हणजे येणाऱ्याला वाट सापडावी. मी सकाळी चुलीपाशी बसून कान देते. आरोळी आता येत नाही. ती स्वतःच चालत कुंपणापर्यंत येते, खांबाला धरून उभी राहते आणि मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात सांगते, "आला नाही गं, अल्थीया."