अण्णांच्या कुकरीवरचा बाण

परवा रविवारी जळकोटला माहेरी गेले होते. म्हटलं, अण्णांची ती वाकड्या पात्याची कुकरी नेमकी कुठली, कधीची, एकदा बघूच... आणि नसतं लचांड मागे लावून घेतलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. पलटणीतल्या नेपाळी दोस्तानं ही कुकरी भेट दिली, असं सांगायचे. ते गेल्यावरही आई दर खंडेनवमीला तिला कुंकू लावते, पूजा करते.

मी फोटो काढून जुनी शस्त्रं ओळखणाऱ्या एका ग्रुपवर टाकले. तिथल्या एका जाणकार दादांनी लगेच सांगितलं... मुठीला दोन रिवेट, पात्याच्या पाठीवर १९४३ आणि बाणाचा शिक्का, म्हणजे शोभेची नाही, अस्सल लष्करी. मी खूश! तेवढ्यात खाली कुणीतरी लिहिलं, "बाण म्हणजे सरकारी माल. बाहेर आला कसा?"

आमच्याकडे स्टेटसला तलवार ठेवली तरी पोलीस दारात येतात. पोस्ट उडवली, दाराला कडी लावली. गल्लीत बुलेट वाजली तरी काळीज लक्कन हलायचं.

पण खरी भीती वेगळीच होती. लहानपणी मी शाळेतला खडू घरी आणला, तर याच अण्णांनी भर उन्हात परत ठेवायला पाठवलं होतं. त्यांनी चोरली असेल?... विचार आला आणि माझीच मला लाज वाटली. पण तो जाईना.

विहिरीत टाकून मोकळं व्हावं म्हणून कुकरी पोत्यात गुंडाळली. आईनं हात धरला. "पुजेची हाय ती. टाकायचीच आसंल तर आधी पुसून तरी घे!" म्हणत तिनंच तेलाचं बोट लावून पाठीवरचं वर्षानुवर्षांचं कुंकू खरवडलं. खालून आणखी एक बाण निघाला, पहिल्याच्या टोकाला टोक लावलेला.

त्याचा फोटो त्या दादांना पाठवला. टायपिंग... टायपिंग... जीव नुसता टांगणीला. मग मेसेज आला, "ताई, टोकाला टोक दोन बाण म्हणजे लष्करानंच रीतसर विकायला काढलेली. चोरीची नव्हे."

मी ढसाढसा रडले.

"काय म्हणला त्यो?" आईनं विचारलं.

"अण्णा खरं सांगायचे, म्हणाले."

"त्येला आत्ता कळलं व्हय?"

त्यांचं जाऊ द्या... मलाही आत्ताच कळलं होतं. अण्णा, माफ करा.