सहाव्या मिनिटाचा वास

माझा स्वभाव संशयी आहे. घरात त्यावरून माझी थट्टा होते, कारण मी दूधसुद्धा हुंगल्याशिवाय तापवायला ठेवत नाही. पण माझ्या कामात संशयच उपयोगी पडतो. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी सुरक्षेचं प्रशिक्षण देतो. रोज पेणहून येतो, मास्क कसा चढवायचा, सायरन वाजला की कुठे जमायचं हे नव्या माणसांना शिकवतो आणि संध्याकाळी परत जातो.

आमच्याकडे ज्या गॅसला सगळे घाबरतात त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. थोडा असला तर. जास्त झाला की तो नाकच बधिर करतो आणि माणसाला वाटतं, चला, गेला एकदाचा. म्हणून माझं एक वाक्य ठरलेलं आहे: वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. नवी माणसं मान डोलावतात आणि घड्याळाकडे बघतात.

या बाबतीत माझ्याहून शहाणी बाई कंपनीतच होती. अष्टमी गावाच्या पुढच्या नदीकाठच्या वाडीतली, कंत्राटावर झाडलोट आणि चहाचं काम करणारी. सगळे तिला मावशी म्हणत. वास आला की ती कुणाला काही विचारत नसे, सांगायलाही थांबत नसे. पदराचं टोक हवेत धरायची, वारा कुठून आहे बघायची आणि वाऱ्याला आडवी चालू लागायची. ती तशी चालताना दिसली की शिफ्टची माणसं हातातलं काम बंद करून तिच्या मागे निघत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. गॅस मोजणारे मीटर त्यानंतर वाजायचे.

मग कंपनीने खुर्च्या आणल्या. त्यांवर बसून सुरक्षेची फिल्म बघायची. फिल्ममध्ये स्फोट झाला की खुर्ची हादरते, वारा सुटला की कानाशी पंखा फिरतो, गॅस सुटला की वास येतो. बसवायला पुण्याहून एक इंजिनियर बाई आल्या होत्या. खांब गावाला हायवेवरच्या हॉटेलात उतरल्या होत्या, कामाला चोख, बोलायला गोड. मला गोड बोलणाऱ्यांचा संशय येतोच.

त्यांनी समजावलं की याचंही आता आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. पूर्वी प्रत्येक खुर्चीवाल्याची तऱ्हा निराळी होती. आता फिल्मसोबत एक फाइल असते, तिच्यात प्रत्येक परिणाम ठरलेल्या पद्धतीने लिहायचा: वारा की धक्का की वास, कितव्या मिनिटाला, किती जोराने, कुठल्या बाजूने, किती वेळ. मग खुर्ची जगात कुणाचीही असो, तिला फाइल वाचता येते. आमच्या फिल्मची फाइल भरायचं काम माझ्याकडे आलं.

"बाजू लिहिता येते ना?" मी विचारलं. "मग वारा आणि वास एकाच बाजूने येऊ दे. माणसाला पळायची दिशा तरी कळेल."

"लिहा की," बाई म्हणाल्या, "पण या खुर्चीला वासाचं भोक एकच आहे, मानेमागे. यंत्राला जमेल तेवढंच ते करणार."

"आणि वास संपायची वेळ नाही लिहिली तर?"

"ती लिहावीच लागेल, सर. नाहीतर खुर्चीतली वासाची अख्खी नळी रिकामी होईल."

म्हणजे वीस वर्षं मी जे शिकवत होतो त्याच्या बरोबर उलट ही खुर्ची शिकवणार होती. वास येतो, वीस सेकंदांनी जातो आणि हिरो सुखरूप घरी जातो. मी मॅनेजरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पडद्यावर खाली सूचनेची पट्टी टाकू. आमचा सुपरवायझर एवढंच म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड." शेवटी मी मुकाट्याने भरलं: सहावं मिनिट, वीस सेकंद, मध्यम जोर.

लोकांना खुर्च्या फार आवडल्या. मी मात्र बघत होतो की वास आला की माणसं पट्टा घट्ट करून आणखी मागे रेलतात, कारण त्यानंतर धक्का येतो आणि त्यात मजा असते. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं. उत्तर आलं नाही.

मावशीला पहिल्यांदा बसवलं तेव्हा सहाव्या मिनिटाला ती पट्ट्यासकट उठली. सगळे हसले. मी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बस मावशी. हा खोटा आहे."

"खोटा कसा? वास तर तोच हाय."

"माझा आहे. मीच लिहिलाय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि ती बसली. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

त्यानंतर फिल्म चालू असताना ती चहा घेऊन आली की दारातून विचारायची, "तुझाच ना रं पोरा?" मी मान हलवायचो. ती कप वाटायला लागायची.

एका दुपारी दहा जण खुर्च्यांवर होते. वास आला. माणसं खुशीत रेलली. दारात मावशी किटली घेऊन उभी होती, तिचा एक हात पदराकडे गेला होता. "तुझा हाय का?" तिने विचारलं.

"थांब, बघतो," मी म्हणालो.

आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. पडद्यावर चौथं मिनिट चालू होतं. मला वाटलं, माझ्या हातून आकडा चुकला. साऱ्या जगावर संशय घेणारा मी, त्या वेळी हवेवर संशय घेतला नाही, टायपिंगवर घेतला. फाइल उघडली, ओळ शोधली. सहाच लिहिलं होतं. मग मी ओरडलो.

दहाही जण बाहेर पडले. बाजूच्या प्लांटमध्ये एक व्हॉल्व्ह गळत होता. दोघांना उलट्या झाल्या, मावशीचे डोळे दोन दिवस लाल होते. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मावशी जमायच्या जागी भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी गेलो तेव्हा म्हणाली, "पाय उचलला व्हता मी. मंग तुला इचारलं." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर सोसलं असतं.

वासाची ओळ मी फाइलमधून काढून टाकली, नळ्याही काढायला लावल्या. मावशीला दहा वेळा सांगितलं, आता माझा वास कुठेच नाही, आला तर खराच. ती "व्हय" म्हणायची.

महिन्यापूर्वी मी रजेवर होतो. पेणच्या बाजारात मासळी बघत असताना फोन वाजला. पिशवी सावरून तो काढेपर्यंत वेळ गेला.

"पोरा, कॅन्टीनमागं वास येतोय," मावशी म्हणाली. "तुझा तर नाय ना?"

"नाही! चाल तू, मावशी, चाल!" मी भर बाजारात ओरडलो.

तो वास गटाराचा निघाला. पण फोन मी सातव्या रिंगला उचलला होता, आणि तोवर ती तिथेच उभी होती.