दोन बोटांचा उंचवटा

सत्तरच्या दशकात होटगी रोडला आमचं गाड्यांच्या सीटांचं दुकान होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, स्प्रिंगांवर काथ्या आणि घोड्याचे केस भरून गादी बसवायचे. मी मशीनवर रेक्झिनची कव्हरं शिवायची. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते तळहातानं चाचपून काम करत, आणि ते पाहून गिऱ्हाईकं कुजबुजायला लागली होती. आयुष्यभर कमावलेलं त्यांचं नाव आता जाणार, या धास्तीनं मी त्यांच्यावरच खेकसायची. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

अशात एका वकिलांची काळी मोटार आली. इंग्रजांच्या काळातली गाडी, ती वकील स्वतःच चालवायचे. परगावी जाणार होते म्हणून ती आमच्याकडे सोडून गेले. अप्पांनी पुढची, चालवणाऱ्याची सीट भरली. कव्हर चढवायच्या आधी मी वर लाकडी पट्टी ठेवून पाहिली, तर डावी बाजू दोन बोटं उंच!

"अप्पा, हे काय टेकाड करून ठेवलंय?"

"ते तसंच हाय. ऱ्हाऊ दे."

"तसंच म्हणजे? कशासाठी?"

वाद मिटवायचा असला की अप्पा कानडीत शिरत. "इर्ली बिडु," म्हणाले. असू दे, सोड. मला वाटलं, चूक कबूल करवत नाही म्हणून हट्ट चाललाय.

दुसऱ्या दिवशी ते डोळे दाखवायला गेले. तेवढ्यात मी गोणपाट उसवलं, डावीकडचे केस उपसले, सीट पट्टीत आणली आणि कव्हर ताणून गाडीत बसवूनही टाकली. खरं सांगते, फार बरं वाटलं. बापाची अब्रू वाचवली, असंच वाटलं.

सकाळी वकील आले. सीटवर बसले आणि लगेच कंबर धरून उतरले. अप्पांच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "मिस्त्री, माझ्या डाव्या बाजूचं विसरलात का हो?"

मशीनपाशी मला ते ऐकू आलं.

अप्पांनी वाकून सीटवरून तळहात फिरवला. त्यांना कळलं. आता माझं नाव घेणार म्हणून मी मान खाली घातली.

"व्हय साहेब, इसरलो," अप्पा म्हणाले. "डोळं गेलंच हुतं, आता हातबी गेला."

वकील ओशाळले. "आता मुलीवर सोपवा मिस्त्री."

"व्हय की. तिचा हात लई सरळ हाय."

गाडी ठेवून ते गेल्यावर मी रडतच अप्पांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"गिऱ्हाईकाच्या अंगाची खोड आपल्या हाताला कळती," ते म्हणाले. "तोंडानं बोलायची नसती. झाकली मूठ असती ती."

"माझ्यापाशीसुद्धा?"

"तुझ्यापाशीबी."

त्याच दुपारी त्यांनी सीट उसवून पुन्हा भरली. मला हात लावू दिला नाही. त्यानंतर त्यांनी दाभण कधी उचललं नाही.

वकील गाडी न्यायला आले. बसले, जरा हलून पाहिलं, आणि चेहरा खुलला. "छान भरलीस हं मुली," म्हणाले. अप्पा शेजारीच बाकावर बसले होते.

मी "हो" म्हणाले.